यंत्रमागाचे फोटो इचलकरंजीतच दाखवायचेत, पण बघायला माणसं कशी आणायची?

धोटा

नमस्कार मंडळी. मी इचलकरंजीचा. बरीच वर्षं झाली, आमच्या गावातल्या यंत्रमागांचे आणि त्यावर काम करणाऱ्या माणसांचे फोटो काढतोय. साधे माग, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडं नेणाऱ्या धोट्यावर चालणारे, एकेक करून भंगारात चाललेत, त्यांच्या जागी बिनधोट्याचे रॅपियर, एअरजेट येतायत, तर जायच्या आधी टिपून ठेवावं एवढंच सुरुवातीला डोक्यात होतं. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग आणला आणि त्यानंतर सगळं गाव या आवाजावर उभं राहिलं, आता तो आवाजच बदलतोय. मग हळूहळू मागापेक्षा माणसांचेच फोटो जास्त व्हायला लागले. धोट्यात बसणाऱ्या सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका, मागाला धागे ओवून देणारे वहिफणीवाले, माग दुरुस्त करणारे जॉबर, रात्रपाळी करून पहाटे चहाच्या गाड्यावर उभी राहिलेली पोरं, भुवयांवर सुताची धूळ बसलेली असते ते.

यातले निवडक फोटो घेऊन शेजारच्या एका शहरात रीतसर कलादालन भाड्यानं घेतलं आणि प्रदर्शन केलं. उद्घाटनाला गर्दी झाली, नंतरचे दिवस फोटोग्राफर मित्र, त्यांचे मित्र आणि माझे नातेवाईक. फोटोग्राफर लोक लेन्स कुठली, आयएसओ किती हेच विचारायचे, त्यांचंही बरोबर आहे, पण मला त्या बाईबद्दल बोलायचं होतं जी एका हातानं कांडी बदलते आणि दुसऱ्या हातानं पोराला घास भरवते. ज्यांचे फोटो होते त्यातलं कुणीच आलं नाही. पाळी बुडवून, एसटीचं तिकीट काढून, काचेचं दार ढकलून आत कोण येणार, आणि का यावं?

म्हणून आता इचलकरंजीतच करायचंय. मित्र म्हणतात आपल्याकडं लोकांना आर्टची आवडच नाही, पैसे वाया घालवू नकोस. मला हे अजिबात पटत नाही पण समोर ठेवायला उत्तर नाही. तर कुणी छोट्या गावात, तालुक्याच्या ठिकाणी असं काही केलंय का? जागा कशी निवडायची, माणसं कशी यायला लागतात, आणि एकदा येऊन गेल्यावर परत परत येतील असं काय करायचं? फोटोग्राफरांची गर्दी नकोय असं नाही, पण मला गाव हवंय.

पंचगंगाकाठ

आधी तुमच्या मित्रांचं उत्तर देतो कारण ते वाक्य ऐकून ऐकून कान किटलेत. आपल्याकडं लोकांना बघायची आवड नाही हे साफ खोटं आहे. गणपतीत कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीत माणसं बायकापोरांसकट रात्री बारा वाजता चालत देखावे बघत फिरतात, एकेका सजीव देखाव्यासमोर तासभर रांगेत उभी राहतात. रांगोळीचं प्रदर्शन असू दे, हुबेहूब चेहरा काढलेली रांगोळी बघायला रांग लागते आणि आजीबाईसुद्धा वाकून बघते की साडीच्या काठाची चमक नुसत्या रंगानं कशी आणली. दिवाळीत पोरं किल्ले करतात ते बघायला सगळी गल्ली फिरते. आणि आपल्या आधीच्या दोन पिढ्यांचं काय, दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकरांची दिवाळी अंकांवरची चित्रं कापून, फ्रेम करून लोकांनी बैठकीच्या खोलीत लावली. त्याच्याही आधी रविवर्म्याच्या छापखान्यातली ओलिओग्राफ, म्हणजे छापील रंगीत चित्रं, घरोघर गेली, देवघरात पुजली गेली. हे सगळे प्रेक्षकच होते की. चित्र त्यांच्यापर्यंत आलं, त्यांनी ते घेतलं.

फरक काय पडतो तर कलादालनात जायला मुद्दाम ठरवून जावं लागतं, आणि ‘आपण तिथले नाही’ असं दारातच वाटतं. मुंबईचं जहांगीर कलादालन बघा. १९५२ पासून आहे, प्रवेश फुकट आहे, पण तिथं नुसती चित्रकारांचीच माणसं येत नव्हती याचं एक मोठं कारण सामोवार होतं असं माझं मत आहे. १९६४ पासून २०१५ पर्यंत ते छोटं हॉटेल आतच चालू होतं, लोक चहा-पराठ्याला यायचे आणि जाता येता भिंती बघायचे. पुण्यात बालगंधर्वच्या कलादालनाचं तेच, नाटकाला लवकर पोचलेला माणूस वेळ काढायला आत शिरतो. म्हणजे वाट आधीची पाहिजे आणि चित्र त्या वाटेवर पाहिजे.

म्हणून माझी सूचना, गणपतीत एखाद्या मंडळाला पटवा. यावर्षी देखाव्याच्या जागी तुमचे फोटो. मांडव त्यांचा, लाइट त्यांची, गर्दी तर आहेच. ज्या मंडळाची व्याख्यानं, वाचनालय, रक्तदान अशी परंपरा आहे असं मंडळ निवडा, स्पीकरच्या भिंती लावून आवाज करणाऱ्या मंडळाकडं जाऊ नका. लोकांना त्या दहा दिवसात थांबून बघायची सवय असतेच, ती नव्यानं लावायला लागत नाही.

मांडवीकाठ

आमच्याकडचा अनुभव लिहिते, गोव्यात राहते. इथं डिसेंबरात पणजीला सेरेंडिपिटी हा कला महोत्सव असतो, २०१६ पासून, जुन्या सरकारी इमारती उघडून त्यात प्रदर्शनं लावतात, खूप मोठं काम आहे आणि मला आवडतं, पण त्याचा आकार एवढा आहे की गावचा माणूस त्यात पाहुण्यासारखाच फिरतो असं मला दरवेळी वाटतं. मला जास्त शिकवून गेलं ते गोवाफोटो हे फोटोंचं संमेलन. २०१५ ला सुरू झालं, आणि पुढं त्यांनी गावातल्या राहत्या जुन्या घरात फोटो लावले, आधी साळगावात, मग हळदोण्यात. घरमालकच दारात उभा, या बसा म्हणणार, मग शेजारचे येणार कारण इतकी वर्षं त्या घरात आत जायचं राहिलेलंच असतं, आणि घर बघता बघता फोटो बघणार. फोटोवर बोलायला कुणी जाणकार लागत नाही मग, घरातली आजीच सांगते.

नेपाळमध्ये २०१५ च्या एप्रिलात भूकंप झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात फोटो काठमांडू हे फोटोंचं प्रदर्शन भरवलं, पाटणच्या गल्ल्यांमध्ये, चौकांमध्ये, भिंतींवर. लोक पाणी भरायला, देवळात जायला निघालेले आणि वाटेत फोटो. तिकडं बांगलादेशात ढाक्याला छबी मेला हा फोटोंचा मेळा २००० पासून चालतो, फोटोग्राफर शहिदुल आलम आणि त्यांची दृक ही संस्था यांनी उभा केलेला, त्यात कलादालनं आहेतच पण सायकलरिक्षाच्या गाड्यांवर फोटो लावून वस्त्यांमध्ये फिरवतात.

तर धोटादादा, तुमच्या गावात बंद पडलेली मागाची शेड नक्की असेल. तीच घ्या! ज्या शेडना एका बाजूनं उतरतं काचेचं छप्पर असतं, उत्तरेचा उजेड आत घेणारं, तिथं दिवसभर ऊन थेट येत नाही आणि उजेड सारखा पडतो, फोटो बघायला याहून चांगला उजेड पैसे देऊन मिळत नाही. साधी पत्र्याची शेड असली तरी चालेल. मागाचे जोते जमिनीत तसेच ठेवा, जिथं माग होता तिथं फोटो. आणि मालकाला यजमान करा, नुसता जागा देणारा नको. तो सांगेल या शेडमध्ये किती माग होते, कधी बंद पडले.

मंडळाच्या कल्पनेबद्दल थोडी शंका आहे, पण ती तुमच्या गावचं कुणी सांगितलेली बरी.

कांडीवालीची लेक

मी इचलकरंजीचीच, आता पुण्यात नोकरीला. माझी आई लग्नाआधीपासून कांड्या भरायची, आता गुडघ्यानं सोडलं. वरचे दोन्ही प्रतिसाद चांगले आहेत पण सगळे ‘माणसं कशी आणायची’ यावर बोलताय. त्याआधी मला विचारायचंय की ज्यांचे फोटो आहेत त्यांना ते दाखवलेत का? त्यातला कुठला लावायचा हे त्यांना विचारलंत का? हे टोचून विचारत नाहीये, सगळं काम इथूनच सुरू होतं असं मला मनापासून वाटतं म्हणून विचारतेय.

आमच्या घरात आईचा मागावरचा एकही फोटो नाही. लग्नातला आहे, रेशनकार्डचा आहे. जन्मभर जे काम केलं त्याचा नाही, कारण ते काम फोटो काढण्यासारखं आहे असं कुणाला वाटलंच नाही, तिलासुद्धा नाही. असा फोटो कुणी घरी आणून दिला तर तो भिंतीवर जाईल हे मी लिहून देते. आणि ज्या घरात फोटो गेला त्या घरातली सगळी माणसं प्रदर्शनाला येतील, येताना शेजारीण घेऊन येतील. पोस्टर लावायची गरज नाही. तर पहिला खर्च हॉलचा नको, ज्यांचे फोटो आहेत त्या प्रत्येकाला एक चांगला प्रिंट द्यायचा, मग बाकीचं.

दुसरं, त्यांना एकदा बसवून निवड करू द्या. तुम्हाला घामानं डबडबलेला चेहरा भारी वाटेल, त्या बाईला वाटेल की ह्यात मी दमलेली दिसते, मला तो लावा ज्यात मी तुटलेला धागा बघता बघता जोडतेय. तिचं कसब तिला माहीत आहे. गाठ मारायला किती सेकंद लागतात, आवाजावरून कुठल्या मागाला काय झालंय हे जॉबर कसं ओळखतो, वहिफणीला शेकडो धागे एकेक करून वहीतनं आणि फणीतनं ओवताना नजर कशी ठरवतात, हे खाली लिहा. सुधारक ओलवेंनी मुंबईच्या सफाई कामगारांवर केलेलं काम मी बघितलंय, ते आपल्या अकोल्याकडचे फोटोग्राफर, त्यात गटारातली अवस्था आहे पण माणूस तुमच्या डोळ्यात बघतो, कुठं बिचारा होत नाही. मला तसं आमचं गाव बघायचंय. आणि फोटोखाली नाव पाहिजे, ‘एक कामगार’ नको. ज्यांना नाव नकोय त्यांचं नको, पण विचारा.

तिसरं गणपती मंडळाचं. पंचगंगाकाठ, कल्पना चांगली आहे, आणि लोक बघतात हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण आमच्या मागांवर आता यूपी, बिहार, ओडिशाची माणसं किती आहेत बघा, सगळ्या धर्माची आहेत. मांडवात यायला त्यांना कुणी अडवणार नाही, तरी ती जागा आपली आहे असं त्यांना वाटेलच असं नाही, त्यात वर प्रायोजकांचे फ्लेक्स, नेत्यांचे चेहरे, त्याच्यात कामगाराचा चेहरा हरवून जाईल. शेड ही सगळ्यांची आहे. सगळ्यांनी तिथं पाळी केलीय. म्हणून आधी शेड, मंडळ नंतर हवं तर. आणि मजकूर मराठीबरोबर हिंदीत पाहिजेच पाहिजे. छठला आणि होळीला पुष्कळ जण गावी जातात, त्या तारखा टाळा.

वेळ सकाळी दहा ते सहा ठेवलीत तर कामगार येणार नाहीत. पाळी बदलते तेव्हा उघडं पाहिजे, सकाळी लवकर आणि रात्री उशिरापर्यंत. दुपारी बंद ठेवलं तरी चालेल.

खडूफळा

कलाशिक्षक आहे, सातारा जिल्ह्यात. वरच्या ताईंचं वाचून मी जे लिहिणार होतो त्यातलं निम्मं पुसलं, त्यांनी मुळालाच हात घातलाय. मी फक्त पोरांबद्दल लिहितो.

आमच्या जिल्ह्यात औंधला श्रीभवानी संग्रहालय आहे. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ ला बांधलं, संस्थान केवढंसं, पण रविवर्म्याची मूळ चित्रं आणि हेन्री मूर या जगप्रसिद्ध शिल्पकाराचं दगडी शिल्प त्या डोंगरावर आहे. शाळेची सहल नेली की बहुतेक ठिकाणी काय होतं, रांगेत आत, रांगेत बाहेर, हात लावू नका, बोलू नका, मग भेळ. पोराला एवढंच कळतं की इथं गप्प बसायचं असतं, आणि मोठेपणी तो अशा जागी पाऊल टाकत नाही. चूक पोराची नाही. पोराला काहीतरी शोधायला द्या. मी आत जायच्या आधी एकच प्रश्न देतो, या दालनात तुला ज्याच्याशी बोलावंसं वाटतंय असं एक माणूस शोध आणि त्याला काय विचारशील ते लिही. बास. पोरं एकेका चित्रासमोर दहा मिनिटं उभी राहतात, भांडतात.

तुमच्याकडं तर याहून सोपं आहे. इचलकरंजीतल्या शाळांमध्ये किती पोरांच्या घरचं कोण ना कोण मागाशी जोडलेलं असेल विचार करा. चित्रकलेच्या शिक्षकांना भेटा. एलिमेंटरी, इंटरमीजिएटला बसणाऱ्या पोरांचा गट प्रत्येक शाळेत असतोच, दहावीच्या वाढीव गुणांसाठी का असेना पण ही पोरं चित्राकडं बघायला तयार असतात, त्यांच्यापासून सुरू करा. काही फोटोंखालची जागा मुद्दाम मोकळी ठेवा आणि पोरांना सांगा, घरी जाऊन आईला, आजोबाला विचारा हे काय चाललंय आणि येऊन इथं लिहा. पोरगं संध्याकाळी आजोबाला हाताला धरून घेऊन येतं, मी लिहिलेलं बघा म्हणून. आजोबा मग एकेका फोटोसमोर सांगत सुटतो आणि भोवती माणसं जमतात. त्या आजोबाला खुर्ची द्या, चहा द्या, तोच तुमचा गाइड. उद्घाटनाचे पाहुणे शोधत बसू नका.

परत परत येण्याबद्दल, एकदाच मोठं प्रदर्शन केलं की गाव विसरतं. लहान करा पण ठरलेलं करा. आपटे वाचन मंदिर १८७० पासूनचं आहे, तिथं वाचायला रोज माणसं येतात, त्यांना विचारून बघा, एक भिंत मिळाली तर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एकच नवा फोटो आणि ज्याचा फोटो तो माणूस हजर, अर्धा तास गप्पा. पुढं त्या भिंतीवर दुसऱ्याचेही फोटो, चित्रं लावा, नुसते तुमचे नकोत. वर्षभरात ‘या रविवारी काय लागलंय’ असं कुणी विचारायला लागलं की समजायचं प्रेक्षक तयार होतोय.

फ्रेमवाला

कामाचं तेवढं सांगतो, प्रिंटिंगचा धंदा आहे. शेडमध्ये करणार असाल तर काचेच्या फ्रेम नकोत, ट्यूबलाइट आणि दार त्यात दिसतं, फोटो दिसत नाही, शिवाय नेता आणता फुटतात. चमकणारा फ्लेक्सही नको, लोकांना तो वाढदिवसाचा बॅनर वाटतो आणि मान वळवून पुढं जातात. मॅट पेपरवर प्रिंट, मॅट लॅमिनेशन, पाच एमएमच्या सनबोर्डवर, म्हणजे हलक्या फोमच्या पाटीवर, चिकटवून घ्या. वीस बाय तीस इंच पुरे, पण दोन-तीन फोटो माणसाच्या उंचीएवढे करा, समोर उभं राहिलं की जॉबर आपल्याएवढाच दिसला पाहिजे. फोटोचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांच्या आत ठेवा, पोरं येणार असतील तर एक रांग खालीच लावा. मजकूर चोवीस पॉइंटच्या खाली नको, चष्मा घरी विसरलेली माणसं येतात. पावसाळ्यात करू नका, बंद शेडमध्ये ओल येते आणि सनबोर्ड वाकतो. जुन्या शेडचं वायरिंग इलेक्ट्रिशियनकडनं तपासून घ्या, सुताची धूळ साठलेली असते, ठिणगीला निमित्त लागत नाही, आधी झाडून धुऊन काढा.

घरोघर द्यायच्या प्रिंटचं सांगतो, आठ बाय बारा, साधी लाकडी फ्रेम, हे एकगठ्ठा केलं तर बरंच स्वस्त पडतं. एकेक करत बसू नका.

पंचगंगाकाठ

कांडीवालीची लेक, मान्य. शेड आधी, मंडळाचं मी मागं घेतो. फक्त एक गोष्ट त्यातली धरून ठेवा, देखाव्याला लोक रात्री जेवून, सहकुटुंब निघतात. शेडसुद्धा रात्री उजळलेली दिसू दे, रस्त्यावरनं जाणाऱ्याला दार सताड उघडं दिसलं पाहिजे. आणि पत्रकार पी. साईनाथांचं गावाकडच्या बायकांच्या श्रमाचं फोटो प्रदर्शन बसस्टँडवर, रेल्वे स्टेशनवर, कारखान्यांच्या गेटवर लागायचं, तसं शेडमधलं संपल्यावर तेच सनबोर्ड घेऊन सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ लावणाऱ्या कारखान्याच्या, गेटवर, एसटी स्टँडवर जाता येईल. परवानग्या लागतील, त्या आधीपासून बघा.

धोटा

सगळ्यांचे प्रतिसाद परत परत वाचतोय. ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर, काही जणांना मोबाइलवर दाखवलेत, प्रिंट कुणालाच दिलेला नाही, आणि निवड मी एकट्यानंच केलेली. तर क्रम असा ठरवलाय, आधी प्रिंट घरी, मग निवडीची बैठक, मग शेड. एक मालक तयार आहेत, त्यांची शेड मोकळीच आहे आणि ते स्वतः दारात थांबतो म्हणालेत. हिवाळ्यातल्या तारखा बघतोय. शाळांचं खडूफळा सरांनी सांगितलंय तसंच करणार, मोकळ्या जागेची कल्पना तर फारच आवडली.

एकच अडलंय. त्या शेडमध्ये एक साधा माग अजून जाग्यावर आहे, जॉबर म्हणतोय दोन दिवसात चालू करून देतो. प्रदर्शनात तो चालवावा का? आवाजाशिवाय हे फोटो अर्धेच वाटतात मला. पण तो सुरू झाला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, मग आजोबा सांगणार कसे आणि पोरं ऐकणार कशी?

मांडवीकाठ

चालवा, पण वेळ ठरवून. दर तासाला पाच मिनिटं, आधी सांगून. तेवढ्यात लोक फोटो सोडून मागाभोवती येतील, बंद झाला की परत फोटोकडं जातील, आणि आता बघताना त्यांच्या कानात तो आवाज असेल. चालवणारा माणूस ज्याचा फोटो भिंतीवर आहे त्यातलाच असू दे.

कांडीवालीची लेक

हेच लिहायला आले होते. लहान पोरांना जवळ जाऊ देऊ नका, धोटा उडतो कधीकधी, दोरी बांधा मध्ये. आणि कांडी भरायचं मशीनही जवळ ठेवा, सगळ्यांना माग दिसतो, कांडी कोण भरतं ते दिसत नाही. आईला मी आजच फोनवर सांगितलं, ती म्हणाली मला एक खुर्ची द्या, मी बसून दाखवते. निवडीची बैठक दुपारी ठेवा, दोननंतर, बायकांना तेव्हाच थोडी सवड असते, आणि ती त्यांच्या वस्तीतच घ्या, कुणाच्या तरी ओट्यावर. हिंदी मजकुराचा कच्चा खर्डा मला पाठवा, ऑफिसात बिहारचे सहकारी आहेत, त्यांच्याकडनं वाचून घेऊन परत देते.